विहिरीचे पाणी, खत आणि तान्हे बाळ

परवा एक आजीबाई तीन महिन्यांच्या नातवाला घेऊन दवाखान्यात आल्या. बाळ वरच्या दुधावर. "डॉक्टर, मळ्यातल्या विहिरीचं पाणी चांगलं उकळूनच दुधात घालते," त्या म्हणाल्या. उकळल्याने जंतू मरतात, हे खरे. खताचे नायट्रेट मात्र जात नाही. उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते.

डीएपीतील स्फुरद बहुतांशी मातीला चिकटून राहते. युरियातील नत्राचे नायट्रेट होते आणि ते पाण्याबरोबर खाली झिरपते. तान्ह्या बाळाच्या पोटात त्याचे नायट्राइट बनते. मग रक्त पुरेसा प्राणवायू पोचवू शकत नाही. ओठ, नखे निळसर पडतात. १९४५ साली अमेरिकेतील आयोवाचे डॉ. हंटर कॉम्ली यांनी विहिरीच्या पाण्याशी असलेला हा संबंध दाखवून दिला.

पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावे. पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या. उकिरडा विहिरीपासून दूर ठेवा. पहिले सहा महिने बाळाला शक्यतो फक्त आईचेच दूध द्या. बाळ निळसर दिसल्यास घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय गाठा.

आजीबाईंचा नातू ठणठणीत आहे. विहिरीचे पाणी मात्र तपासणीला पाठवले आहे.