खांबापाशी बस

चि. अनघा,

आजोबांचा निकॉन एफएम-२ तू मागून घेतलास, हे ताईकडून कळलं तेव्हा फार बरं वाटलं. पहिल्या रोलमध्ये खो-खोच्या सरावातली पोरं पुसट आली म्हणून खट्टू झालीस आणि आता ऑटोफोकसवाला कॅमेरा घ्यावा का, असं विचारतेस. तू पाठवलेली चित्रं नीट पाहिली. दोन-चार सोडली तर शटरचा दोष नाही. मागची भिंत स्वच्छ आली आहे आणि पोरगी धूसर. म्हणजे ती पुढे पळत होती आणि तू रिंग फिरवत तिच्या मागे.

हा पाठलाग सोड. मूल कुठे येणार ते आधी ठरव, तिथे फोकस लाव आणि त्याला येऊ दे. खो-खो या कामाला फार सोयीचा खेळ आहे. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की खो देईपर्यंत किंवा खांब गाठेपर्यंत त्याला मागे वळता येत नाही. पळणाराही वळसा घ्यायला खांबाशीच येतो. सूर मारून गडी बाद होतात तेही बऱ्याचदा तिथेच. तेव्हा खांबापासून चारेक मीटरवर, रेषेबाहेर, कोणाच्या वाटेत येणार नाही अशी बस. बसच, उभी राहू नकोस. खांब १२० सेंटीमीटरचा, पोरं त्याच्याशी वाकलेली. उभ्याने काढलंस तर नुसत्या टाळू येतील.

आता लेन्सवरच्या रंगीत रेघा बघ. तुझ्या ५० मिमी लेन्सवर एफ/८ ठेवून चार मीटरला फोकस लावलास, तर साधारण तीन मीटरपासून साडेसहा मीटरपर्यंतचं सगळं चालण्याइतकं स्पष्ट येतं. एवढ्या पट्ट्यात पोरगी शिरली की झालं, रिंगला हात लावायचा नाही. एफ/४ वर हाच पट्टा जेमतेम दीड मीटरचा उरतो. म्हणून ४०० ची फिल्म घाल आणि ऊन आहे तोवर काम उरक. समोरून येणाऱ्याला १/२५० पुरतं, आडवं पळणाऱ्याला १/५०० तरी हवं. ऊन गेलं की हट्ट धरू नकोस. १/३० लाव आणि पळणाऱ्याबरोबर कॅमेरा आडवा फिरवत बटण दाब. मागचं मैदान ओघळून जातं, चेहरा कधी टिकतो, कधी नाही. मला तशी चित्रं आवडतात, तुझ्या आईला नाही.

मीटर पोरांवर धरू नकोस, पांढरे बनियन त्याला फसवतात. त्याच उन्हात आपला तळहात धरून मोज आणि एक स्टॉप जास्त उघड. निगेटिव्ह फिल्मला थोडा जादा प्रकाश खपतो, कमी पडलेला भरून निघत नाही.

सगळ्यात अवघड गोष्ट बोटाची आहे. एसएलआरमध्ये शटर उघडताना आरसा वर जातो आणि तेवढा क्षण डोळ्यापुढे अंधार होतो. म्हणजे सूर मारलेला तुला फाइंडरमधून छान दिसला, तर तो फिल्मवर नाही असं समज. तो मारणार हे कळल्याबरोबर दाबायला हवं. हे कळायचं कसं? खेळ बघून. एखादी संध्याकाळ कॅमेरा पिशवीतच ठेव आणि कोण झेप घेण्याआधी खांदा टाकतो, कोण हुलकावणी देण्याआधी डावीकडे बघतो ते हेरून ठेव. तू स्वतः खो-खो खेळली आहेस, हा तुझा फायदा महागड्या कॅमेऱ्यापेक्षा मोठा आहे.

न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर खेळणाऱ्या मुलांची चित्रं काढणारी हेलन लेविट लायकाला काटकोनी फाइंडर लावायची. बघायची एकीकडे आणि चित्र निघायचं दुसरीकडचं. तुला त्या लपवाछपवीची गरज नाही. पहिला अर्धा तास पोरं तोंडं वेडीवाकडी करतील, ‘ताई, माझा काढा’ म्हणतील. लेन्सवर झाकण ठेवून बसून राहा, कंटाळून खेळायला लागतील. ‘इकडे बघा, हसा’ मात्र कधी म्हणू नकोस. प्रशिक्षकांना आणि पालकांना आधी विचार; कोणी नको म्हटलं तर वाद घालायचा नाही.

किरकोळ दोन गोष्टी. लीव्हर ओढताना डावीकडची रिवाइंडची कळ फिरते ना, ते दर रोलला बघ. फिरली नाही तर फिल्म सरकतच नाहीये. आणि काउंटर तिशीपुढे गेला की नवा डाव सुरू होण्याआधी रोल बदल. पाच-सहा चौकटी वाया गेल्या तर जाऊ देत.

कॅमेरा तूर्त बदलू नकोस. याच मैदानावर, याच खांबापाशी अजून काही रोल काढ आणि कॉन्टॅक्ट शीट मला पाठव. निवडलेली चार चित्रं नकोत, फसलेल्यांसकट सगळा रोल हवा.

तुझा,
मामा