गाडी किती अंतरात थांबते?

महामार्गावरून जाताना जाणता ड्रायव्हर पुढच्या गाडीपासून बरेच अंतर ठेवतो, हे तुम्ही पाहिले असेल. हे अंतर किती असावे? आपण हिशेबच करू.

समजा, एक मोटार ताशी 72 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 20 मीटर वेगाने धावत आहे. अचानक एक बैल आडवा येतो. तो दिसणे, धोका उमगणे आणि पाय ब्रेकवर पडणे यात सुमारे एक सेकंद जातो. तेवढ्यात गाडी पूर्ण वेगाने 20 मीटर पुढे जाते! हा झाला चालकाचा हिस्सा. त्याला झोप येत असेल किंवा त्याची नजर मोबाइलवर असेल, तर हा हिस्सा सहज दुप्पट होतो.

दुसरा हिस्सा टायर, ब्रेक आणि रस्ता यांचा. कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणांक 0.7 धरला, तर मंदन सेकंदाला सेकंदास 7 मीटर येते. वेगाच्या वर्गाला मंदनाच्या दुपटीने भागा : 400 ÷ 14 = सुमारे 29 मीटर. एकूण अंतर 49 मीटर.

आता वेग दीडपट, म्हणजे ताशी 108 किलोमीटर करा. पहिला हिस्सा 30 मीटर, दुसरा 900 ÷ 14 = सुमारे 64 मीटर; एकूण 94 मीटर! पहिली गाडी जिथे थांबली, तिथे ही गाडी अजून ताशी सुमारे 90 किलोमीटर वेगाने धावत असते. करून पाहा. पावसात घर्षणांक 0.4 झाला, तर एकूण अंतर 142 मीटरांवर जाते.

या हिशेबात वस्तुमान आलेच नाही, हे तुमच्या लक्षात आले का? वजन वाढले की घर्षणही त्याच प्रमाणात वाढते. मग भरलेल्या ट्रकची भीती का? कारण उष्णता. 20 टनांचा ट्रक घाटात 500 मीटर खाली उतरला, तर सुमारे 10 कोटी ज्यूल स्थितिज ऊर्जा मोकळी होते. एवढ्या ऊर्जेने 340 लिटर पाणी 30 अंशांपासून उकळीपर्यंत तापेल! ही सारी उष्णता ब्रेकमध्येच निर्माण झाली, तर ते तापून त्यांची पकड सुटते. म्हणून शहाणा चालक खालच्या गिअरमध्ये उतरतो आणि बराचसा भार इंजिनावर टाकतो.

पुढच्या प्रवासात एक प्रयोग करा. पुढची गाडी एखाद्या झाडापाशी पोचली, की "एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन" असे सावकाश मोजा. मोजणे संपण्यापूर्वीच तुमची गाडी त्या झाडापाशी आली, तर चालकाला नम्रपणे सांगा, "काका, थोडे अंतर ठेवू या." पाऊस असेल, तर आणखी थोडे.