फोटो ठेवायच्या आधी आत्याचं ऐक

बाबू, फोन भरला, आता फोटो कुठं ठेवू, असं तू विचारलंस. गूगल, अ‍ॅपल, एंटे, जिओ, नावं भरपूर आहेत आणि प्रत्येकाची जाहिरात गोड आहे. ती राहू दे बाजूला. दोनच प्रश्न धरून बस: हवा तो फोटो हव्या त्या वेळी सापडतो का, आणि माझ्याशिवाय तो कोणाला दिसतो? प्रश्न दोन वाटतात, पण आतून एकच आहे. फोटोत काय आहे हे कोणीतरी बघितल्याशिवाय तो शोधून देता येत नाही. तो बघणारा डोळा तुझ्या फोनात बसलाय की कंपनीच्या यंत्रात, एवढं कळलं की निम्मी निवड झाली.

१. जागा विकत घेण्याआधी कचरा काढ. व्हॉट्सअ‍ॅपवरचे फोटो आपोआप उतरणं बंद कर — गूगलच्या फुकट १५ जीबीत जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघांचा वाटा असतो, आणि २०२४ पासून अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही त्यातच मोजतात. 'शुभ सकाळ'च्या गुलाबांसाठी पैसे भरणारा पहिला माणूस आपल्या घरातून निघायला नको.

२. फुकटाला आज हो म्हण, पण उद्याचा भाव विचारून — गूगल फोटोज २०१५ मध्ये आलं तेव्हा थोड्या दाबलेल्या दर्जाचे फोटो अमर्याद ठेवता यायचे. १ जून २०२१ ला ती सवलत संपली. जिओनं ऑगस्ट २०२४ मध्ये १०० जीबीपर्यंत जागा फुकट जाहीर केली, ती घे हवी तर, पण दुसरी प्रत म्हणून. आणि सिम बदललं तर त्या फोटोंचं काय, ते आधी वाच.

३. फुकटच्या कोठीला दारं दोन, हे ध्यानात ठेव. अमेरिकेत एव्हर नावाचं अ‍ॅप लोकांचे फोटो जपून ठेवायचं — आणि त्याच फोटोंवर चेहरे ओळखायचं तंत्र शिकवून ते दुसऱ्या कंपन्यांपुढे विक्रीला मांडायचं. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं २०२१ मध्ये ते तंत्रच पुसून टाकायला लावलं, पण तोवर लोकांचे चेहरे वापरून झाले होते.

४. नाव पक्कं करण्याआधी परीक्षा घे, आणि परीक्षेचा पेपर आपल्या घरचा असू दे — जाहिरातीतलं समुद्रावरचं सोनेरी कुत्रं कुठलंही अ‍ॅप ओळखतं. तू वीस-पंचवीस फोटो निवड: पोळ्याला सजवलेली बैलजोडी, कपाशीच्या बोंडातली अळी, दवाखान्याची चिठ्ठी, खताच्या दुकानाची पावती, अंगणात वाळत घातलेल्या कुरडया, मुंडावळ्या बांधलेली नवरी. मग 'बैल' मराठीत टाइप कर, पुन्हा इंग्रजीत कर, आणि दोन्ही वेळा काय हाती लागतं ते शेजारी शेजारी ठेवून बघ. मराठीत शोध लागला नाही तर ते अ‍ॅप तुझ्या आईच्या कामाचं नाही, कितीही हुशार असो. पावतीवरची देवनागरी अक्षरं वाचता येतात का, हेही तेव्हाच तपास.

५. चेहऱ्यांना नावं देताना नुसतं 'ताई' लिहू नकोस — आपल्या घरात प्रत्येकाची ताई वेगळी आहे.

६. हळदीनं माखलेला चेहरा, मुंडावळ्यांमागचा चेहरा आणि लग्नानंतर चष्मा लावलेला चेहरा, या एकाच पोरीची यंत्र तीन माणसं करून ठेवू शकतं. सुरुवातीलाच बसून ती एकत्र कर, आणि चुलतभावंडं एकाच नावाखाली गेली असतील तर वेगळी काढ — वर्षभरानं हजारो फोटोंतून तो गुंता सोडवायला कोणी बसत नाही.

७. शोधात आला नाही म्हणजे फोटो नाहीच, असं म्हणून पुसापुशी करू नकोस — यंत्राला जे शिकवलं तेच त्याला दिसतं. २०१५ मध्ये गूगल फोटोजनं कृष्णवर्णीय माणसांच्या फोटोंना 'गोरिला' म्हटलं, मोठी नाचक्की झाली, आणि उपाय म्हणून त्यांनी तो शब्दच शोधातून काढून टाकला. म्हणजे खरा गोरिला फोटोत असला तरी मिळेना!

८. गावचे फोटो अल्बम करून, नाव लिहून ठेव. ताजमहाल यंत्र नुसता बघून ओळखतं. आपल्या रोहिणखेडची १५८२ सालची मशीद ओळखेलच असं नाही — जगाने ज्याचे फोटो फार काढले तेच त्याला नीट येतं. तारखेचीही मदत घे: लोणारचं पाणी गुलाबी झालं ते जून २०२० मध्ये, म्हणून महिना आणि वर्ष टाकलं की तो फोटो 'सरोवर' म्हटल्यापेक्षा लवकर सापडतो.

९. शेतात फोटो काढताना कॅमेऱ्याचं लोकेशन चालू ठेव, आणि गारपिटीचा फोटो त्याच दिवशी काढ — पीक विम्यात अशा नुकसानीला भरपाई असेल तिथं खबर ७२ तासांत द्यावी लागते, आणि जागा-वेळ सोबत असलेल्या फोटोवर वाद कमी होतो. कोणाला मूळ फोटो पाठवायचा असला तर व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठव. साधा पाठवलास तर दाबला जातो आणि जागेची नोंदही गळते. उलट पोरांचा अंगणातला फोटो अनोळखी गटात टाकायचा असेल तेव्हा हीच गळती आपल्या फायद्याची.

आता कुलपाकडे येऊ. इथं जरा सावकाश वाच, कारण विकणारे इथंच घाईत बोलतात.

१०. 'आमच्याकडे सगळं एन्क्रिप्टेड आहे' असं कोणी म्हणालं की मान डोलवू नकोस, किल्ली कोणाकडे ते विचार — किल्ली ज्याची, कोठी त्याची. गूगल फोटो वाटेत आणि साठवणीत कुलूपबंद ठेवतं, पण किल्ली स्वतःकडे ठेवतं. म्हणून तर त्याचा शोध इतका तरबेज आहे. फोटो जाहिरातींसाठी वापरत नाही असं ते सांगतं, आणि चेहरे गटात लावणं बंद करायची सोय देतं. ती कुठं आहे ते सेटिंगमध्ये एकदा बघून ठेव.

११. आयफोन घेतलासच तर 'अ‍ॅडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन' स्वतः चालू कर — चेहरे ओळखण्याचं काम अ‍ॅपल फोनातच करतं, पण आयक्लाउडवरच्या फोटोंची किल्ली एरवी अ‍ॅपलकडेच राहते. डिसेंबर २०२२ मध्ये आलेली ही सोय ती किल्ली तुझ्या हाती देते. फुकट जागा मात्र ५ जीबीच; एका लग्नात संपेल.

१२. एंटे बघ, मला ते पटलेलं आहे. विष्णू मोहनदास नावाच्या, पूर्वी गूगलमध्ये नोकरी केलेल्या माणसानं ते उभं केलं. त्याचा कोड कोणीही वाचू शकतो, फोटो फोनातून निघतानाच कुलूपबंद होतात, आणि चेहरे व वस्तू ओळखायचं काम तुझाच फोन करतो. जुना फोन असेल तर पहिले काही दिवस धीर धर — सगळा डोंगर त्या बिचाऱ्यालाच उपसायचा असतो. शोध गूगलइतका चटपटीत नसेल, ते सहन कर.

१३. पण मग एंटेचे रिकव्हरीचे चोवीस शब्द कागदावर शाईनं लिही, आणि कागद जमिनीच्या खरेदीखतासोबत ठेव — पासवर्डही गेला आणि तेही गेले तर कंपनीला हात जोडून उपयोग नाही, तिलाही फोटो उघडता येत नाहीत. त्या कागदाचा फोटो काढून त्याच अ‍ॅपमध्ये ठेवू नकोस. हसू नकोस, लोक ठेवतात.

१४. लेकराच्या अंगावरची पुरळ, जखम, असले फोटो डॉक्टरांना दाखवायचे असतील तर आधी बॅकअप थांबव, मग काढ, दाखव आणि पुसून टाक. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका बापानं २०२१ मध्ये दवाखान्याच्या सांगण्यावरून लहान मुलाचा असा फोटो काढला, गूगलच्या यंत्रानं तो अश्लील ठरवला आणि त्याचं सगळं खातं बंद झालं. पोलिसांनी त्याला निर्दोष म्हटलं, तरी खातं परत मिळालं नाही — यंत्राला फोटो दिसतो, आजार दिसत नाही.

१५. आधार, पासबुक, सातबारा गॅलरीत पडू देऊ नकोस — अक्षरं वाचणारा शोध तुला आधार दोन सेकंदांत काढून देतो, तसा तो तुझा उघडा फोन हातात आलेल्या कोणालाही देतो. कागदांसाठी २०१५ पासून डिजिलॉकर आहे. आणि कुठं द्यायचंच झालं तर पहिले आठ आकडे झाकलेलं आधार उतरवून घे.

१६. लग्नाच्या अल्बमची लिंक पाहुण्यांना पाठवलीस तर महिन्याभरानं बंद कर — लिंक ज्याच्याकडे गेली, अल्बम त्याला उघडतो, मग तो आपला पाहुणा असो की त्या पाहुण्याच्या गटातला कोणी.

१७. फोनातली जागा मोकळी करताना 'फ्री अप स्पेस' आणि 'डिलीट' यांतला फरक ओळख — पहिलं बटण फक्त फोनातली प्रत काढतं, दुसरं क्लाउडवरचीही. चूक झाली तर गूगलच्या कचरापेटीत बॅकअप झालेला फोटो ६० दिवस असतो, तेवढ्यात जा.

१८. दिवाळीच्या साफसफाईत एकदा आणि आखाजीला एकदा सगळे फोटो उतरवून हार्ड डिस्कवर घे. गूगलकडे त्यासाठी टेकआउट आहे. त्यात तारखा, जागा वेगळ्या फाइलींत येतात, त्या टाकून देऊ नकोस — कोठ्या बंद पडतात, २०१६ मध्ये गूगलनंच आपलं फोटोंचं पिकासा बंद केलं. आणि उतरवलेलं उघडून बघ: नोव्हेंबर २०१९ मध्ये टेकआउटच्या गफलतीनं काहींचे व्हिडिओ भलत्यांच्याच गाठोड्यात गेले होते.

१९. आजोबांच्या खात्यात मधूनमधून शिर, आणि 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर'मध्ये घरच्या कोणाचं तरी नाव लाव — दोन वर्षं न वापरलेली खाती गूगल डिसेंबर २०२३ पासून काढून टाकू लागलं आहे. त्यांचे पंढरीच्या वारीचे फोटो दुसऱ्या कोणाकडेच नाहीत.

तर मी तुझ्या जागी असते तर काय केलं असतं? लग्नं, सहली, शेत, सणवार गूगलकडे, कारण तिथं आईलाही शोधता येतं. लेकरं, आजारपणातलं जे ठेवायचंच आहे ते, आणि घरातलं जे चारचौघांत दाखवत नाही ते एंटेत. कागद डिजिलॉकरमध्ये. सगळ्याची एक प्रत कपाटातल्या डिस्कवर. एकच अ‍ॅप सगळं करील म्हणून बसलास तर शोध नाहीतर आडोसा, काहीतरी एक सोडावंच लागतं. आणि जाता जाता दोन गोष्टी, दुसऱ्यांच्या फोटोंच्या आणि दुसऱ्यांच्या फोनांच्या.

२०. शेजारच्या पोरांचे वाढदिवसाचे फोटो सामायिक अल्बमात टाकण्याआधी त्यांच्या आईला विचार — चेहरा त्यांचा आहे, कॅमेरा तुझा असला तरी.

२१. दादाच्या फोनात हे सगळं लावून देशील तेव्हा बॅकअप 'फक्त वायफायवर' ठेव — नाहीतर दुपारपर्यंत त्याचा दिवसाचा डेटा संपेल, कीर्तनाचा व्हिडिओ मध्येच अडकेल, आणि फोन तुला नाही, मला येईल.