'स्तेफन' या नामाची रूपे आणि दोन पुराणकार

'ख्रिस्तपुराणा'च्या कर्त्यांचा उल्लेख मराठी वाङ्मयेतिहासात 'फादर स्टीफन्स' असा रूढ आहे. पोर्तुगीज लेखनात मात्र ते 'तोमास इस्तेव्हांव' आहेत. ही दोन वेगळी नावे नव्हेत. एकाच ग्रीक शब्दाला दोन भाषांनी दिलेली ती वळणे आहेत.

'स्तेफानोस' म्हणजे शिरावर धारण करावयाची पानाफुलांची माळ, विजेत्याचा मुकुट. 'वेढणे' या अर्थाच्या क्रियापदापासून तो सिद्ध झाला. नव्या करारातील 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात दगडमाराने मृत्यू पावलेला पहिला रक्तसाक्षी याच नावाचा असून मराठी बायबलात तो 'स्तेफन' आहे. नामाचा प्रसार झाला तो त्याच्यामुळे, मुकुटामुळे नव्हे. तरीही सर्बियाच्या नेमान्यिच घराण्यातील राजांनी 'स्तेफान' हे जणू बिरुदच केले, हे लक्षणीय आहे.

लॅटिन 'स्तेफानुस' पश्चिमेकडील भाषांत उतरताना आरंभीच्या जोडाक्षरापूर्वी स्वरागम झाला. स्पॅनिश 'एस्तेबान', पोर्तुगीज 'इस्तेव्हांव' आणि जुनी फ्रेंच 'एस्तिएन' ही रूपे अशी घडली. फ्रेंचमध्ये पुढे सकार लोपून 'एतिएन' उरले. 'स्टेशन'चे 'इस्टेशन' करणाऱ्या मराठी जिभेला ही प्रवृत्ती परकी वाटू नये. इंग्रजीत स्वरागम झाला नाही. तेथे 'स्टीफन'ला पितृसंबंधदर्शक सकार जोडून 'स्टीफन्स' हे आडनाव बनले.

घोटाळ्याचे मूळ येथेच आहे. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या इंग्रज थॉमस स्टीफन्स यांच्या बाबतीत 'इस्तेव्हांव' हे आडनाव होय. 'पीटरपुराणा'चे कर्ते फ्रेंच एतिएन द ला क्रुआ यांचे मात्र ते व्यक्तिनाम. त्यांच्या आडनावाचे तर सरळ भाषांतरच झाले आणि ते 'इस्तेव्हांव द क्रूझ' ठरले. दोघेही जेझुइट, दोघांचीही कर्मभूमी गोवा, दोघांचीही पुराणे मराठी ओवीत. पहिले १६१६ मध्ये छापलेले, दुसऱ्याची छपाई १६२९ मधली. त्यामुळे नुसता 'पाद्री इस्तेव्हांव' असा उल्लेख आढळल्यास तो कोणाचा, हे नावावरून ठरत नाही. स्टीफन्स १६१९ मध्ये निवर्तले, हा आधार पुरेसा वाटेल. परंतु 'ख्रिस्तपुराणा'च्या पुढील आवृत्त्या १६४९ व १६५४ मध्ये निघाल्या. म्हणजे द ला क्रुआ यांच्या निधनानंतरही पहिल्या इस्तेव्हांवांचा ग्रंथ छापला जात होता. कालनिर्देशापेक्षा ग्रंथनाम आणि पूर्ण नामोल्लेख यांवरच भिस्त ठेवणे भाग आहे.