भंडारदऱ्याला मुक्काम करायचा तर रतनवाडीपर्यंत जा

भंडारदऱ्याला येणारे बरेच जण शेंडी गावात खोली घेतात, धरणाची भिंत आणि रंधा धबधबा पाहतात नि दुसऱ्या दिवशी परततात. माझा आग्रह आहे की निदान एक रात्र तलावाच्या वरच्या अंगाला काढा.

हा तलाव काही सहलीसाठी बांधलेला नाही. रतनगडावर उगम पावणाऱ्या प्रवरेचं पाणी अडवून नगर जिल्ह्यातल्या कोरड्या पट्ट्याला कालव्यांनी द्यायचं, म्हणून ८२ मीटर उंचीचं विल्सन धरण बांधलं. ते १९२६ मध्ये पूर्ण झालं. खालच्या भागात ऊस उभा राहिला, साखर कारखाने आले, ते या पाण्यावर. तलावाकाठची पर्यटन महामंडळाची कॉटेजेस आणि तंबूंच्या रांगा पुष्कळ नंतरच्या. कालव्यांना पाण्याची आवर्तनं सुटली की तलावाचं पाणी उतरतं, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत काठ बराच उघडा पडतो. भरलेला तलाव पाहायचा तर सप्टेंबर ते डिसेंबर निवडा. तेव्हा काठाची भातखाचरंही पिकत आलेली असतात.

इगतपुरीहून घोटी, तिथून बारीमार्गे शेंडी असा रस्ता आहे. पुढे मुतखेल, कोलटेंभे करत रतनवाडी. तिथलं अमृतेश्वराचं कोरीव दगडी मंदिर आणि शेजारची पुष्करणी घाईत उरकू नका. तसंच पुढे साम्रद, घाटघर, पांजरे करत तलावाला पूर्ण वळसा घालता येतो. मात्र तो दिवसाउजेडी पुरा करा.

वाडीतल्या घरी जेवण सांगायचं तर सकाळीच सांगून ठेवा. तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा गरम मिळेल आणि पैसे थेट त्या घरात जातील. धरणात जमीन गेली ती इथल्याच महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांची, याची आठवण असू द्या.

मेअखेरीस काजवे पाहायला अफाट गर्दी लोटते. शक्यतो आडवारी या. झाडाखाली टॉर्च, गाडीचे दिवे, फ्लॅश काहीही लावू नका, कारण काजव्यांचं चमकणं जोडीदार शोधण्यासाठी असतं आणि आपल्या उजेडात ते फसतं. पावसाळ्यात पाण्यालगत तंबू ठोकू नका, पातळी रातोरात चढते. पोहायला तर कधीच उतरू नका.

दोनच दिवस हाताशी असतील, तर जवळच्या कळसूबाई शिखराची चढाई पुढच्या खेपेला ठेवा.