शाळेचे वेळापत्रक आणि अध्ययन कार्यक्रम

शालेय शिक्षणाच्या गुणवत्तेची चर्चा बहुधा निधी, शिक्षकसंख्या आणि पाठ्यपुस्तके यांभोवती फिरते. परंतु एखादा सुनियोजित अध्ययन कार्यक्रम शाळेत पोहोचल्यावर तो कोणत्या तासाला, कोणत्या मुलांसाठी आणि कोणाच्या देखरेखीखाली चालणार, यावरच त्याचे यश अवलंबून असते. पाचवीत जाऊनही ज्या मुलाला दुसरीचा उतारा वाचता येत नाही, त्याला पुढील प्रत्येक विषय बंदच राहतो. म्हणून हा प्रश्न केवळ प्रशासकीय नाही.

वेळेचा हिशेब

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस आणि ८०० अध्यापनाचे तास ठरलेले आहेत. म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. त्यातला एक तास वाचनाच्या विशेष कार्यक्रमाला दिला, तर एक चतुर्थांश वेळ इतर अध्यापनातून कमी होतो. हाच त्या कार्यक्रमाचा संधी खर्च होय. याच अधिनियमाच्या कलम २४ नुसार विहित वेळेत संपूर्ण अभ्यासक्रम पूर्ण करणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. मागे पडलेल्या मुलांसाठी थांबावे की धडा पुढे न्यावा, असा पेच पडल्यास बहुतेक शिक्षक धडा पुढे नेतात, यात नवल नाही.

बिहारचा अनुभव

ही ओढ अधिनियमाच्या आधीपासूनची आहे. ‘प्रथम’ या संस्थेची पद्धत अशी : मुलांची वाचनपातळी तपासायची आणि इयत्तेऐवजी अक्षर, शब्द, उतारा अशा पातळीनुसार गट करून शिकवायचे. २००८ मध्ये बिहारमध्ये शासकीय शिक्षकांनी उन्हाळी सुटीतील शिबिरांत ही पद्धत वापरली, तेव्हा सुमारे महिनाभरातच वाचनात सुधारणा दिसली. पुढे शैक्षणिक वर्षात काही शाळांना केवळ साहित्य, तर काहींना साहित्य व प्रशिक्षण देण्यात आले. परंतु तेथे लक्षणीय फरक पडला नाही. म्हणजे उणीव शिक्षकांच्या क्षमतेत नव्हती. नित्याच्या वेळापत्रकात नव्या पद्धतीला स्वतंत्र जागाच नव्हती.

हरियाणातील तास

हरियाणा शासनाने २०११-१२ पासून शाळेच्या दिवसात एका तासाची भर घातली. २०१२-१३ मधील प्रयोगात निवडक शाळांतील तिसरी ते पाचवीची मुले या तासाला आपापला वर्ग सोडून पातळीनुसार केलेल्या गटांत हिंदी वाचनासाठी बसत. इतर शाळांतही दिवस तेवढाच मोठा होता, मात्र नेहमीचेच अध्यापन चाले. देखरेखीसाठी नेमलेल्या सहायक गट साधन समन्वयकांनी आधी स्वतः वर्गात ही पद्धत वापरून पाहिली होती. कार्यक्रम असलेल्या शाळांत हिंदीतील गुण सुमारे ०.१५ प्रमाण विचलनाने वाढले. गणितात फरक पडला नाही. तो विषय त्या तासात शिकवलाच जात नव्हता.

या तुलनेचे महत्त्व विद्यार्थ्यांनी नीट लक्षात घ्यावे. वाढीव वेळ दोन्ही प्रकारच्या शाळांना मिळाला होता. त्यामुळे दिसलेला फरक केवळ वेळेचा नसून त्याच्या वापराचा होता.

उत्तर प्रदेशात २०१३-१४ मध्ये दुसरा मार्ग अवलंबण्यात आला. तेथे नियमित अध्यापन काही काळ थांबवून, एकूण ५० दिवसांची शिबिरे शाळेच्या वेळेतच घेण्यात आली. लाभ हरियाणाहून कितीतरी मोठा होता. परंतु अध्यापनाची मुख्य जबाबदारी संस्थेच्या कार्यकर्त्यांवर होती. शासकीय यंत्रणेतून चालणारा मर्यादित लाभ आणि बाहेरील मनुष्यबळावर उभा राहिलेला मोठा लाभ, यांतील निवड हा खरा धोरणात्मक प्रश्न आहे.

धोरणासाठी बोध

जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने २०२६-२७ पर्यंत प्रत्येक मुलाला तिसरीअखेर पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान मिळावे, असे उद्दिष्ट ठेवले. अशा उद्दिष्टांच्या मूल्यमापनात किती संच वाटले आणि किती शिक्षक प्रशिक्षित झाले, ही आकडेवारी अपुरी ठरते. वेळापत्रकात निश्चित तास आहे काय, गट ठरावीक काळाने पुन्हा तपासले जातात काय आणि पर्यवेक्षक वर्गात प्रत्यक्ष बसतो काय, हे विचारले पाहिजे. पुन्हा तपासणी झाली नाही, तर गटाची पातळी ही मुलाची कायमची ओळख बनण्याचा धोका असतो. शिक्षकाला त्या तासापुरती अभ्यासक्रम पूर्ण करण्याच्या दडपणातून शासनाने स्पष्ट शब्दांत मोकळीक दिली, तरच कार्यक्रम कागदावरून फळ्यापर्यंत पोहोचेल.