कुकरची मूठ

मागच्या पावसाळ्यात रात्रीच्या वर्गाला एक वहिनी आल्या. हातात कुकरची तुटलेली मूठ होती. म्हणाल्या, "गुरुजी, इस्तवावर धरून चिकटंल का ही? बादलीचं प्लास्टिक तर चिकटतंय."

मी म्हणालो, "नाही चिकटणार, वहिनी. का, ते सांगतो. बसा."

ही मूठ बेकलाइटची. तिची गोष्ट ऐका.

बेल्जियम देशात गेंट नावाचे शहर आहे. तिथे १८६३ साली लिओ बेकलंड जन्मले. वडील जोडे शिवत. आई मोलकरीण होती. मुलगा शिष्यवृत्ती मिळवून शिकला. १८८९ साली तो अमेरिकेत गेला.

त्या काळी विजेच्या सामानाला लाख लागे. लाख म्हणजे झाडावरच्या किड्यांनी केलेला चिकट रस. सोनार दागिन्यात भरतो, तीच. ती आपल्या देशातून परदेशी जाई. पण ती पुरत नसे. बेकलंड म्हणाले, लाखेसारखी वस्तू आपणच करू. त्यांनी फिनॉल आणि फॉर्मॅल्डिहाइड ही दोन रसायने बंद भांड्यात दाबाखाली तापवली. भांडे कुकरसारखेच! १९०७ साली त्यांना यश आले.

आता नीट बघा. मेण तापवले की वितळते, गार झाले की घट्ट होते. पुन्हा तापवले की पुन्हा वितळते. बादलीचे प्लास्टिक तसे. बेकलाइट मात्र मडक्यासारखे. कच्च्या मडक्याचा पुन्हा चिखल होतो. भाजलेल्या मडक्याचा होतो का? नाही. म्हणून बेकलाइटची मूठ तापली तरी वितळत नाही. आणि म्हणूनच ती तापवून चिकटतही नाही.

पहिले बेकलाइट काळे नाही तर तपकिरी असे. त्यात लाकडाचा भुसा मिसळत. १९२७ साली बेकलंड यांच्या पेटंटची मुदत संपली. मग दुसऱ्या एका कंपनीने भुसा न घालता असाच माल काढला. त्याचे नाव कॅटॅलिन. तो लाल, हिरवा, पिवळा, हवा त्या रंगाचा होई. अमेरिकेत सुऱ्या, काटे, उलथणी, अंडी घुसळायची रवी, सगळ्यांना रंगीत मुठी आल्या. स्वयंपाकघर उजळून निघाले. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वस्त प्लास्टिक आले आणि या मुठी मागे पडल्या.

आज तिकडे लोक ही जुनी भांडी हौसेने जमवतात. कुणाला त्यात आजीचा हात आठवतो. पण बाजारात नकली मालही असतो. म्हणून ते पारख करतात. मूठ अंगठ्याने खसाखसा घासायची. गरम झाली की कार्बोलिक साबणासारखा वास येतो. पांढरी मूठही वर्षे गेली की पिवळी पडते. असे सामान ते पाण्यात भिजत ठेवत नाहीत. त्याची चकाकी जाते.

आपल्याकडेही अशी हौस होती. पुण्याच्या दिनकर केळकरांनी गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, भांडी जमवली. त्यांचे संग्रहालय आज पुण्यात आहे. जुनी वस्तू मोडीत घालण्याआधी एकदा विचार करावा.

वहिनी म्हणाल्या, "मग ही चुलीत टाकू?"

"मुळीच नको!" मी म्हणालो. "ती जळते तेव्हा विषारी धूर होतो. डोळे चुरचुरतात, छातीत जातो. पोरेबाळे जवळ असतात. आणि तुटक्या मुठीचा कुकर वापरूही नका. वाफेने हात भाजेल. नवी मूठ आणा, स्क्रू घट्ट पिळा."

वहिनींनी दुसऱ्याच दिवशी नवी मूठ बसवली.

ध्यानात ठेवा
मुठीचा स्क्रू ढिला झाला की लगेच आवळा.
तुटकी मूठ चुलीत घालू नका.

प्रश्न
१. बेकलंड यांचे आईवडील काय काम करत?
२. बेकलाइट मडक्यासारखे का म्हटले आहे?
३. जुन्या मुठीची पारख कशी करतात?
४. तुमच्या घरातली सर्वांत जुनी वस्तू कोणती? ती कोणी आणली? चार ओळी लिहा.